पोरगं इमान घ्यायचं म्हणतंय!

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यात तीस वर्षे घाम गाळून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. भट्टीत जाणारे भंगार निवडणे, हे त्यांचे काम. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी ते घरी आले, चहा घेतला आणि खिशातून फोन काढून आमच्यापुढे धरला. फोटोत पांढऱ्या रंगाचे, निळ्या पट्ट्याचे एक लहानसे विमान होते.

"पोरगं इमान घ्यायचं म्हणतंय," ते म्हणाले. "शेकंडहँड. तुम्ही लिहिता-वाचता, जरा बघा बरं यात काय दम हाय ते. त्याच्या आईला चार रात्री झोप नाही."

घरच्यांच्या विनंतीवरून नावे देत नाही. मुलगा शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झाला आणि आता अमेरिकेत टेक्सास राज्यात संगणकाच्या कंपनीत आहे. घरातला पहिला पदवीधर. तिथे त्याने सुटीच्या दिवशी विमान चालविणे शिकून खाजगी वैमानिकाचा परवाना काढला. हे घरी कळले तेव्हा वस्तीत पेढे वाटले गेले. विमान विकत घेण्याची गोष्ट निघाली तेव्हा मात्र पेढे वाटले गेले नाहीत.

वाचकांपैकी बहुतेकांच्या दारात विमान उभे राहणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण नवा परवाना हातात पडल्याबरोबर जुनी, परंतु जोरात पळणारी मोटारसायकल मागणारा मुलगा घरोघरी आहे. म्हणून त्या रविवारपासून आम्ही या विषयात डोके घातले. जे समजले ते येथे मांडत आहोत.

परवाना म्हणजे किती विद्या?

आपल्या देशात खाजगी वैमानिकाच्या परवान्याला वय १७ वर्षे पूर्ण, दहावी पास, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचे उड्डाण लागते. अमेरिकेतही किमान ४० तासच. या परवान्यावर पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. त्यासाठी व्यावसायिक परवाना लागतो आणि आपल्याकडे त्याला २०० तास उड्डाण करावे लागते. बारामती, धुळे, गोंदिया येथे मुले-मुली हे शिकतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या यादीत व्यावसायिक वैमानिकाचा अभ्यासक्रमही घालण्यात आला होता, ही गोष्ट आपल्यातल्या फार थोड्या पालकांच्या कानावर गेली. असो.

४० तास म्हणजे किती? कारखान्यातला एक आठवडा. सळईच्या कारखान्यात आठवडाभर काम केलेल्या पोराला कोणी भट्टीसमोर एकटे उभे करील काय? हा हिशेब आमचा नाही, त्या मुलाच्या वडिलांचा आहे. मुलाने मात्र परवाना मिळेपर्यंत ६५ तास आणि नंतर आणखी ५० तास उड्डाण केले होते. तेवढे तरी बरे.

शिकताना त्याच्या हाती होते सेसना १७२. हे चार माणसांचे, एका इंजिनाचे विमान १९५५ साली प्रथम उडाले आणि आजवर ४४,००० हून अधिक बनले. जगात दुसरे कोणतेही विमान इतक्या संख्येने बनलेले नाही. पंख डोक्यावर, चाके कायम खाली, वेग ताशी सुमारे २२० किलोमीटर. शिकाऊ माणसाच्या बऱ्याच चुका ते पोटात घालते. आता त्याला हवे होते मूनी. टेक्सासमध्येच केरव्हिल गावी बनलेले हे विमानही एका इंजिनाचे आणि चार माणसांचेच, पण ताशी २९० किलोमीटरच्या आसपास पळणारे. दोन मित्रांबरोबर तिघांत मिळून घ्यायचा बेत होता. अमेरिकेत अशी जुनी विमाने आपल्याकडच्या जुन्या जीपगाड्यांसारखी हातोहात विकली जातात, आणि चाळीस वर्षांचे विमान तिथे म्हातारे मानीत नाहीत.

अर्ध्या तासाची किंमत

आम्ही कागदावर हिशेब केला. जालना ते मुंबई ४०० किलोमीटर धरू. सेसनाला एक तास पन्नास मिनिटे लागतील, मूनीला एक तास वीस-बावीस मिनिटे. म्हणजे सगळा खटाटोप अर्ध्या तासासाठी! हा हिशेब मुलाच्या आईला ऐकविला तेव्हा त्या माउली म्हणाल्या, "त्याला म्हणावं, मला कुठंच लवकर पोचायचं नाही." मुलाला आईला पुढच्या वर्षी अमेरिकेस नेऊन स्वतः विमानातून फिरवायचे आहे, हे तोवर आम्हांस माहीत नव्हते.

पण त्याची बाजूही ऐकली पाहिजे. तिथली अंतरे मोठी, समोरून वारा आला की हळू विमान आणखी हळू होते. आणि खरे सांगायचे तर हौस आहे. ज्याच्या आजोबांनी बैलगाडीमागून चालत बाजार केला, त्याने वेगाची हौस करू नये असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

अडचण वेगळी आहे. मूनीचे इंजिन २०० अश्वशक्तीचे, सेसनाचे १६० ते १८०. फरक थोडा. मग वेग येतो कुठून? चाके पोटात ओढून घेतली जातात, अंग निमुळते, हवेला अडथळा कमी. हेच गुण उतरताना दोष ठरतात. उताराला लागलेली सायकल जशी पायडल न मारता पळत राहते, तसे हे विमान इंजिन मंद केले तरी लवकर हळू होत नाही. उतरण्याचा वेग दहा टक्के जास्त ठेवला तर जिरवायची ताकद एकवीस टक्के जास्त होते. विमान धावपट्टीवर तरंगत राहते, घाई करून टेकवले तर उसळते आणि दुसऱ्या-तिसऱ्या उसळीला पंखा जमिनीवर आपटतो. त्याशिवाय चाके खाली सोडायचे ध्यानात ठेवावे लागते. सेसनावर शिकलेल्याला ती सवय नसते. भल्याभल्यांनी विमान पोटावर उतरविलेले आहे.

म्हणून असे विमान एकट्याने चालविण्याआधी अमेरिकेत शिक्षकाकडून वेगळे शिकून वहीत त्याची सही घ्यावी लागते. विमा कंपन्या तर बहुतेक वेळा त्याहून जास्त तास शिक्षकाबरोबर बसायला लावतात आणि नवख्याकडून हप्ताही भरपूर घेतात. वडिलांना हे फार आवडले. "पैशेवाला घाबरतो तिथं धोका असतोच," ते म्हणाले.

ज्यांच्याकडे पैसा होता, वेळ नव्हता

अमेरिकेत १९४७ पासून बोनांझा नावाचे वेगवान विमान निघाले. त्याची शेपटी इंग्रजी व्ही अक्षरासारखी. वैमानिकांनी त्याचे टोपणनाव पाडले 'डॉक्टरमारू'. का, तर डॉक्टर-वकिलांना ते परवडे, सरावाला मात्र सवड नसे.

याहून बोलके उदाहरण राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या मुलाचे. धाकट्या जॉन केनेडींनी एप्रिल १९९८ मध्ये खाजगी परवाना घेतला. आधी साधे सेसना वापरले आणि बरोबर वर्षभराने, एप्रिल १९९९ मध्ये, पायपर साराटोगा हे ३०० अश्वशक्तीचे, चाके आत ओढणारे वापरलेले विमान घेतले. १६ जुलै १९९९ च्या रात्री ते पत्नी कॅरोलिन आणि मेहुणी लॉरेन यांना घेऊन निघाले. खाली समुद्र, वर धुरकट हवा, क्षितिज दिसेना. अशा वेळी माणसाच्या कानातला तोल त्याला फसवितो. विमान कलंडलेले असते आणि शरीर म्हणते, सरळ आहे. केवळ यंत्रांकडे पाहून उडविण्याचा परवाना त्यांनी अद्याप घेतलेला नव्हता. तिघेही गेले. चौकशीत निघाले की त्यांचे एकूण उड्डाण सुमारे ३१० तासांचे होते, पण या विमानात सुमारे ३६ तास, आणि त्यांतही शिक्षक शेजारी नसताना फक्त तीन तासांच्या आसपास! विमानात दोष सापडला नाही.

आपल्याकडे २३ जून १९८० रोजी दिल्लीत संजय गांधी पिट्स नावाच्या चपळ कसरती विमानासह कोसळले. त्यांच्यासोबत कॅप्टन सुभाष सक्सेना हेही गेले. त्यांचे नाव आज किती जणांना आठवते? शेजारी बसणाऱ्याचे नाव लोक विसरतात. म्हणूनच चालविणाऱ्याने ते विसरता कामा नये, असे आम्हांस वाटते.

उलट उदाहरणही आहे. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी आपल्या देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. कराचीहून जुहूला टपाल घेऊन ते पस मॉथ विमानातून आले १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, म्हणजे साडेतीन वर्षांनी. मधल्या काळात ते लहान, उघड्या विमानांवर उडत राहिले.

गंज कुठे लपतो

आता गोष्ट रंगते ती येथून. मुलगा वेगाचे बोले, वडील लोखंडाचे. रविवारच्या फोनवर त्यांनी विचारले, "इमान कशाचं बनलंय?" मुलगा म्हणाला, पत्रा ॲल्युमिनियमचा आहे. "सगळंच?" तेव्हा मुलाने माहिती काढली. मूनीच्या बैठकीभोवतीचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असतो. तो गादीपत्र्याच्या आणि अस्तराच्या मागे दडलेला. खिडकीच्या फटीतून पाणी झिरपले की अस्तर ओले राहते आणि नळी गंजत जाते. कंपनीनेच या गंजाच्या तपासणीसाठी सूचनापत्र काढलेले आहे, हे त्याला तेव्हा कळले. विकणाऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

विकणाऱ्याचा सगळा भर एका गोष्टीवर होता: विमान फार कमी चालले आहे. आपल्याकडे म्हणतात ना, डॉक्टरसाहेबांची गाडी, फक्त रविवारी बाहेर काढायचे! विमानाच्या बाबतीत ही स्तुती नव्हे, धोक्याची खूण आहे. अशा इंजिनाला कंपनी साधारण २,००० तासांचे आयुष्य सांगते, पण त्याबरोबर वर्षेही मोजते. विमान महिनोन् महिने उभे राहिले की आतल्या कॅम शाफ्टवरचे तेल ओघळून जाते, उघड्या पोलादावर गंजाचे खड्डे पडतात आणि पुढे ते भाग झिजून त्याचा कीस तेलात उतरतो. आठवड्याला उडणारे, जास्त तासांचे इंजिन पुष्कळदा कमी तासांच्या झोपलेल्या इंजिनाहून बरे.

वडिलांनी आणखी तीन गोष्टी सांगितल्या. त्या आम्हांस कुठल्याही पुस्तकापेक्षा मोलाच्या वाटल्या. मेकॅनिक आपला ने, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, पैसे गेले तरी चालतील. पहिल्या दिवसापासूनच्या वह्या माग, आणि मधली एखादी वही हरवली म्हणाला तर समज, त्याच वहीत काहीतरी आहे. आणि नवा रंग दिसला की विचार, रंग कशासाठी दिला.

वह्या आल्या. मधली एक खरोखरच नव्हती. तरीही मुलाने दोन मित्रांच्या आग्रहाखातर मेकॅनिक नेला, अस्तर उघडविले आणि नळ्यांचे फोटो वडिलांना पाठविले. वडील ते मोठे करून आमच्याकडेच घेऊन आले. हिरवट रंगाखाली तांबूस डाग होते, एका जोडाजवळ पापुद्रे सुटलेले. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला.

"पेचकस घे अन् टोकानं खरवड. भुकटी निघती का पापुद्रा?"

"पापुद्रा, बाबा."

"मग ते इमान नाही. ते माझ्या भट्टीचं माल हाय."

मेकॅनिकचा अहवाल दोन दिवसांनी आला. भाषा सभ्य होती, मतितार्थ तोच. व्यवहार मोडला. तपासणीचे पैसे तिघांत वाटले गेले. एक मित्र रुसून बाजूला झाला.

मुलगा आता त्याच जुन्या सेसनावर शिक्षकाबरोबर यंत्रांकडे पाहून उडविण्याचे शिकत आहे. विमान घेण्याचा विचार त्याने सोडलेला नाही. परवा दुसऱ्या एका मूनीचा फोटो आला. हे दर आठवड्याला उडणारे आहे, वह्या पूर्ण आहेत, खिडक्या नव्याने बसविलेल्या आहेत. वडिलांनी चष्मा लावून तो फोटो बराच वेळ पाहिला, मग मुलाला उत्तर पाठविले: "खिडक्या का बदलल्या, ते विचार."