व्होल्टेज पडले की शेगडी थंडावते, मोटार मात्र जळते



रेडिओवर आकडे सांगितले की ते कानावरून जातात. म्हणून मोटारीचा हिशेब या पत्रकात छापून दिला आहे. पेन्सिल घेऊन बसा. गुणाकार-भागाकार आला म्हणजे पुरे.

काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बगिच्याला उन्हाळ्यात ओलीत चुकले की आंबिया बहाराची फळे गळतात. आणि मोटार जळते तीही नेमकी याच दिवसांत. तीन फेजची लाइन आली की डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज खाली बसते. घरी विजेची शेगडी असेल तर ती त्या वेळी थंडावते, पण जळत नाही. मग मोटारच का जळते?

आधी शेगडी पाहू. व्होल्टेज म्हणजे विजेचा दाब, टाकी उंच तसा पाण्याचा दाब जास्त, तसे. करंट म्हणजे तारेतून वाहणारी वीज, ती ॲम्पिअरमध्ये मोजतात. तार जो अडथळा करते तो रोध, तो ओहममध्ये. दाबाला करंटने भागले की रोध येतो. दाबाला करंटने गुणले की शक्ती, म्हणजे वॅट.

१००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर १००० ÷ २३० = ४.३५ ॲम्पिअर घेते. तिचा रोध २३० ÷ ४.३५, म्हणजे सुमारे ५३ ओहम. व्होल्टेज १८० वर आले तर करंट १८० ÷ ५३ = ३.४ ॲम्पिअर आणि शक्ती १८० × ३.४ = ६१२ वॅट. दाब कमी, करंटही कमी. शेगडीचे काही बिघडत नाही, भाकर तेवढी उशिरा भाजते.

मोटारीला हा भागाकार लागू पडत नाही. फिरती मोटार आतून स्वतःच उलटा दाब तयार करते आणि त्यामुळे करंट आवरलेला राहतो. व्होल्टेज पडले की ती जरा हळू फिरते, उलटा दाब घटतो, आणि वर ओढायचे पाणी तर जवळपास तेवढेच असते. म्हणून ती जास्त करंट ओढते. रेती अडकून पंप जाम झाला तर उलटा दाब उरतच नाही. मग करंट पाच-सहा पट होतो आणि काही क्षणांत वाइंडिंगचा वास येऊ लागतो.

तीन फेज मोटारीची शक्ती काढायची रीत अशी: १.७३ × व्होल्ट × ॲम्पिअर × पॉवर फॅक्टर. समजा, ५ एचपीची बोअरमधली मोटार ४१५ व्होल्टवर ९ ॲम्पिअर घेते आणि पॉवर फॅक्टर ०.८ आहे. गुणाकार केला की सुमारे ५१७० वॅट येतात. ५ एचपी म्हणजे ५ × ७४६ = ३७३० वॅट; वरची वीज उष्णतेत आणि घर्षणात जाते. आता व्होल्टेज ३३० झाले आणि काम तेवढेच राहिले, तर करंट ११.३ ॲम्पिअरवर जातो. करंट सव्वा पट झाला, पण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीड पटीहून जास्त. ओव्हरलोड रिले बरोबर बसवला असेल तर तो मोटार बंद करतो. आपण मात्र रिले "सारखा पडतो" म्हणून त्याचा आकडा वाढवून ठेवतो, फ्यूजमध्ये जाड तार घालतो, आणि मग मोटार बनवणाऱ्याला बोल लावतो!

व्होल्टेज सारे डीपीवरच पडते असेही नाही. थोडे आपली केबल खाते. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध १००० मीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. पेटीपासून मोटारीपर्यंत २०० मीटर केबल असेल तर प्रत्येक तारेला दीड ओहम. ९ × १.५ = १३.५ व्होल्ट एका तारेत गेले; दोन फेजांमध्ये मोजाल तर २३ व्होल्ट. तारेतली उष्णता ९ × ९ × १.५ = १२१.५ वॅट, तीन तारांची मिळून ३६४. म्हणजे जवळजवळ अर्धा एचपी केबल तापवण्यातच गेला. तीच केबल ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर हे नुकसान सुमारे २२५ वॅटवर येते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीड पटीहून जास्त, तेव्हा स्वस्त पडते म्हणून घेताना तार जाड घ्या. ढिल्या जोडाचा रोधही यातच धरा.

राज्य शासनाच्या योजनेत २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचे बिल कास्तकाराला भरावे लागत नाही. पण रिवाइंडिंगचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

५ एचपी मोटारीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावला की वरच्या उदाहरणातला लाइनचा करंट ९ वरून पावणेआठच्या आसपास येतो. एकट्याने लावून फारसा फरक दिसणार नाही. डीपीवरच्या सगळ्यांनी लावले तर व्होल्टेज सावरते. ऑटो स्विच काढा, म्हणजे लाइन येताच साऱ्या मोटारी एकदम उठणार नाहीत.

करंट मोजायला टाँग टेस्टर लागतो. ते काम वायरमनकडूनच करून घ्या. ओल्या अंगाचा रोध १००० ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० ÷ १००० = ०.२३ ॲम्पिअर, आणि छातीतून गेला तर ०.१ ॲम्पिअरही जीव घेतो. ओलीत करताना हातपाय ओले असतातच, तेव्हा पेटीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा आणि अर्थिंगची तार तुटलेली नाही ना, हे पाहून घ्या. वायरमन येईल तेव्हा मोटार चालू असतानाचे तिन्ही फेजांचे व्होल्ट आणि ॲम्पिअर, तारखेसह, पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात ताडून पाहायला ते आकडे लागतील.