लॅव्हेंडरचे तेल : घरगुती उपयोग आणि त्याच्या मर्यादा

जांभळ्या फुलांचे चित्र असलेली लॅव्हेंडरच्या तेलाची लहानशी बाटली आता शहरांप्रमाणेच खेड्यांतील घरांतही दिसू लागली आहे. कोणी ती झोपेसाठी घेतो, कोणी डोकेदुखीसाठी, तर कोणी भाजलेल्या जागी लावण्यासाठी. हे तेल कितपत उपयोगी आहे, ते कसे वापरावे व कोठे मुळीच वापरू नये, ह्याची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्ते आणि शेतकरी बंधुभगिनी ह्यांना असणे इष्ट आहे.

वनस्पती व तिचा प्रदेश

लॅव्हेंडर हे तुळस व पुदिना ह्यांच्याच कुळातील बहुवर्षायू झुडूप होय. भूमध्य समुद्राभोवतालचे डोंगर हे त्याचे मूळ स्थान. फ्रान्सच्या दक्षिणेकडील प्रोव्हान्स प्रांतात त्याची लागवड फार दिवसांपासून होत आली आहे. आपल्या देशात जम्मू भागातील डोडा जिल्ह्यात, सुमारे १,६०० मीटर उंचीवरील भद्रवाहच्या परिसरात हे पीक चांगले स्थिरावले आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या जम्मू येथील संस्थेने अरोमा मिशनखाली तेथील शेतकऱ्यांना रोपे, शिक्षण व तेल काढण्याची यंत्रे पुरविली. मक्याचे पीक घेणारे अनेक शेतकरी त्यामुळे लॅव्हेंडरकडे वळले. २०२२ साली भद्रवाह येथे लॅव्हेंडरचा पहिला उत्सवही भरविण्यात आला.

तेल कसे निघते

उन्हाळ्यात फुलांचे तुरे कापून ते बंद भांड्यात भरतात व त्यांतून पाण्याची वाफ सोडतात. वाफेबरोबर फुलांतील सुगंधी अंश वर येतो. ही वाफ थंड केली म्हणजे पाण्यावर तेलाचा थर तरंगू लागतो. शंभर किलो ताज्या फुलांपासून तेल साधारणपणे किलोभरच्या आसपास निघते. म्हणजे दहा मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे किलोभर फुलांचे सार साठविलेले असते. हे तेल खोबरेल किंवा तिळेल ह्यांसारखे तेल नव्हे, तर एक तीव्र अर्क आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील सर्व नियम आपोआप पटतील.

खऱ्याखोट्याची पारख

बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, म्हणजे ‘लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया’, छापलेले असावे. लॅव्हेंडिन नावाच्या संकरित जातीचे तेल स्वस्त असते, पण त्यात कापराचा अंश अधिक असतो. नुसत्या ‘सुगंधी तेला’त कृत्रिम वासाची द्रव्ये असू शकतात, ते उपचारासाठी घेऊ नये. घरी एक सोपी परीक्षा करता येते. टिपकागदावर एक थेंब टाकून तो पूर्ण वाळू द्यावा. तेलकट डाग मागे राहिला तर त्यात खाद्य तेलाची भेसळ आहे असे समजावे. मात्र कृत्रिम द्रव्यांची भेसळ ह्या परीक्षेने उघडकीस येत नाही.

उपयोग किती खरा ?

सौम्य मानसिक ताण व झोप न लागणे ह्यांवर लॅव्हेंडरचा परंपरागत उपयोग युरोपच्या औषध नियामक संस्थेने मान्य केला आहे. जर्मनीत त्याच्या तेलाच्या ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सुलांवर वैद्यकीय चाचण्याही झाल्या आहेत. परंतु त्या कॅप्सुली ठराविक प्रमाणात तयार केलेले औषध आहेत. त्यावरून बाटलीतील तेल चहातून किंवा साखरेवर घालून घ्यावे असा अर्थ काढू नये.

घरी ते पुढीलप्रमाणे वापरावे :

१. झोपेसाठी रुमालावर एक-दोन थेंब टाकून तो उशीपासून थोडा दूर ठेवावा.

२. अंग चोळण्यासाठी एक लहान चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, खोबरेल तेलात दोनच थेंब मिसळावेत. निव्वळ तेल कातडीवर लावू नये.

३. प्रथम हे मिश्रण कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. खाज सुटली किंवा लाली आली तर वापर बंद करावा.

४. बाटली गडद रंगाच्या काचेची असावी. ती घट्ट बंद करून थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी. हवा लागून जुन्या झालेल्या तेलात कातडीला बाधणारी द्रव्ये तयार होतात.

गरोदर स्त्रिया, दमेकरी व झोपेची औषधे घेणारे ह्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे तेल वापरू नये.

येथे वापर नकोच

भाजल्यावर हे तेल लावण्याची कल्पना गात्तफोसे ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या कथेवरून पसरली. १९१० साली प्रयोगशाळेतील स्फोटात ते भाजले होते. त्यांच्या कथेवर विसंबून उपचार करू नये. भाजलेला भाग ताबडतोब वीस मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली धरावा. त्यावर तेल, हळद, शाई वा दंतमंजन काहीही लावू नये. जखम मोठी असल्यास किंवा मूल भाजले असल्यास लगेच दवाखाना गाठावा. विंचूदंश व सर्पदंश ह्यांत तर अशा उपायांत घालविलेला वेळ प्राणावर बेततो.

मुलांच्या हाती ही बाटली लागणे हा सर्वांत मोठा धोका होय. तेल पोटात गेल्यास मूल गुंगते. ठसका लागून ते फुप्फुसात उतरल्यास रॉकेलप्रमाणेच श्वासाला अपाय होतो. अशा वेळी मुलाला ओकारी काढावयास लावू नये. बाटली बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालयात जावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नीलगिरीचे व कापराचे तेल ह्याहूनही घातक असून त्यांनी मुलांना झटके येतात. म्हणून ही सर्व तेले कुलपात ठेवावीत.

लागवडीविषयी दोन शब्द

लॅव्हेंडरला थंड हिवाळा, कोरडी हवा व पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन लागते. आपल्याकडील काळ्या, चिकण जमिनीत पावसाळ्यात त्याची मुळे कुजतात. भद्रवाहच्या यशाच्या गोष्टी ऐकून व रोपे विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून कोणी ह्या पिकात पैसा घालू नये. सुगंधी पीक घ्यावयाचेच असेल तर गवती चहा व वाळा ही आपल्या हवेला मानवणारी पिके आहेत. तेथेही आधी तेल काढण्याचे यंत्र जवळ आहे काय व तेल कोण विकत घेणार, ह्याची खात्री करून घ्यावी आणि मगच लागवडीला हात घालावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरभेटीच्या वेळी अशी बाटली दिसल्यास तिच्यावरील नाव वाचून दाखवावे, ती कोठे ठेवली आहे ते पाहावे आणि भाजल्यावर करावयाचा पाण्याचा उपाय घरातील सर्वांना समजावून सांगावा.