दीर्घिकांचे आकारानुसार वर्गीकरण : मानवी दृष्टी आणि संगणक

प्रस्तावना :
दीर्घिका म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेला अब्जावधी तारे, वायू आणि धूलिकणांचा समूह होय. दीर्घिकेच्या आकारावरून तिच्या पूर्वेतिहासाचा अंदाज बांधता येतो. म्हणूनच आकारानुसार वर्गीकरण हा खगोलशास्त्रातील मूलभूत प्रश्न ठरतो.

वर्गीकरणाची पद्धत :
एडविन हबल यांनी १९२६ मध्ये दीर्घिकांचे लंबवर्तुळाकार, सर्पिल आणि अनियमित असे वर्ग मांडले. सर्पिल दीर्घिकांचे साध्या व दंडयुक्त असे दोन प्रकार त्यांनी केले. केंद्रातून आरपार जाणाऱ्या ताऱ्यांच्या लांबट पट्ट्यास 'दंड' म्हणतात. तो वायूला केंद्राकडे वळवतो, त्यामुळे दंडाची नोंद महत्त्वाची असते.

सर्वेक्षणांचा विस्तार आणि डोळ्याची मर्यादा :
छायाचित्रे मोजकी होती तोवर तज्ज्ञांची नजर पुरेशी होती. २००० मध्ये सुरू झालेल्या 'स्लोन' आकाश सर्वेक्षणाने ही स्थिती पालटली. २००७ मध्ये 'गॅलेक्सी झू' या प्रकल्पाने सुमारे ९ लाख दीर्घिका सामान्य नागरिकांपुढे ठेवल्या आणि त्यांच्याकडून ४ कोटींहून अधिक नोंदी मिळवल्या.

या नोंदींत घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या सर्पिल दीर्घिका अधिक आढळल्या. विश्वाला विशिष्ट दिशा आहे की काय, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. तेव्हा काही चित्रे आरशातल्याप्रमाणे उलटी करून दाखवण्यात आली. तरीही त्याच दिशेचे आधिक्य कायम राहिले. अर्थात, दोष आकाशात नसून पाहणाऱ्याच्या दृष्टीत होता. दुसरा दोष अंतराचा आहे. दूरच्या दीर्घिकेच्या भुजा पुसट होतात आणि सर्पिल दीर्घिका लंबवर्तुळाकार भासते. ही दुरुस्ती न केल्यास दूरच्या विश्वातील लंबवर्तुळाकार दीर्घिकांची संख्या फुगते.

पुण्यातील संशोधन :
विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये पुणे येथे 'आयुका' ही संस्था स्थापन केली. तेथील अजित केंभावी व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये न्यूरल नेटवर्कद्वारे दंड ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नऊ हजारांहून अधिक चित्रांवर संगणकाला शिकवण्यात आले. अचूकता कमाल ९४ टक्क्यांपर्यंत पोहोचली आणि २५,७८१ दंडयुक्त दीर्घिकांची सूची तयार झाली. मात्र संगणक माणसाने दिलेल्या उदाहरणांवरूनच शिकतो. उदाहरणांतील दोषही तो आत्मसात करतो.

अनपेक्षित आकार कसा समोर येतो, याचे उदाहरणही पुण्याचेच आहे. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन व योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून 'अलकनंदा' ही सर्पिल दीर्घिका शोधली. २०२५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. महास्फोटानंतर अवघ्या सुमारे दीड अब्ज वर्षांच्या काळातील या दीर्घिकेत दोन सुस्पष्ट भुजा दिसतात. इतक्या आरंभीच्या काळात दीर्घिका बहुधा विस्कळीत असाव्यात, अशी समजूत होती.

निष्कर्ष :
वर्गीकरणातून मिळणारी संख्या ही निसर्गाची थेट नोंद नसून दृष्टी, अंतर आणि पद्धत यांतून गाळून आलेली असते. म्हणून दोषांची तपासणी हा वर्गीकरणाचाच भाग मानला पाहिजे. स्लोन सर्वेक्षणाची चित्रे सर्वांना खुली आहेत. त्यामुळे नाशिकमधील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही मूळ व उलटी चित्रे विद्यार्थ्यांपुढे ठेवून हीच परीक्षा घेता येईल. मोजमाप करणाऱ्याचेही मोजमाप करावे लागते, हा विज्ञानातील धडा त्यातून प्रत्यक्ष मिळेल.