पाळण्यातून डोंगर

जुन्नर तालुक्यात वाढलेल्या माणसाला डोंगर चढण्याचं फारसं कौतुक नसतं. शिवनेरी आमच्या गावाच्या उशालाच आहे. लहानपणी शिवजयंतीला वर जायचं, संकष्टीला लेण्याद्रीला जायचं, आणि पाऊस सुरू झाला की कुणीतरी नाणेघाटाचं नाव काढायचंच. आमचे देवसुद्धा सहजासहजी सपाटीवर येत नाहीत. ओझरचा विघ्नहर तेवढा समजूतदार, कुकडीच्या काठी खाली बसलेला. लेण्याद्रीचा गिरिजात्मज मात्र अष्टविनायकांतला डोंगरावरचा एकटाच गणपती, तोही बौद्ध लेण्यात. त्याच्या दर्शनाला तीनशेच्या घरात पायऱ्या चढाव्या लागतात, आणि वाटेत हातातल्या नारळाकडे लक्ष ठेवून असलेली माकडं भेटतात, ती वेगळीच.

अशा मुलखातल्या माणसानं बसल्या बसल्या डोंगर चढण्याविषयी जिव्हाळ्यानं लिहावं, हे आमच्या काही गिर्यारोहक मित्रांना रुचणार नाही. त्यांची क्षमा मागून सांगतो की माझ्या घरच्या माणसांच्या सर्वांत आनंदी आठवणी काढायला बसलो, तर त्यातल्या निम्म्या एखाद्या तारेला लटकलेल्या असतात. रोपवे, केबल कार, गोंडोला, चेअरलिफ्ट हे शब्द मी नंतर शिकलो. आई या सगळ्यांना एकच शब्द वापरायची, पाळणा. बाळाचा तो पाळणा, जत्रेत गरगर फिरतो तोही पाळणा, शिवनेरीवर जन्मस्थानाच्या खोलीत ठेवलेला तो पाळणा, आणि तारेवरून डोंगरावर जातो तोसुद्धा पाळणाच. मला अजूनही तोच शब्द बरोबर वाटतो.

हे पाळणे आमच्या आयुष्यात आले ते एलएफसीमुळे. बँकेत नोकरी केलेल्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, की ठरावीक वर्षांनी सहकुटुंब देश पाहण्यासाठी बँक प्रवासभाडं देत असे, आणि मराठी मध्यमवर्गानं हिमालय पाहिला तो बराचसा या तीन अक्षरांच्या कृपेनं. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, एक फिरकीचा तांब्या आणि होल्डॉल घेऊन आमच्या शाखेतली कुटुंबंच्या कुटुंबं निघायची. पुष्कळांनी आयुष्यातला पहिला बर्फ पाहिला तो असाच.

आमचा पहिला पाळणा राजगीरचा. १९८८ च्या हिवाळ्यात आई, वडील आणि आत्या यांना घेऊन आम्ही गया, बोधगया करत तिथं पोचलो. रत्नगिरी डोंगरावर जपानी भिक्षू फुजी गुरुजींच्या प्रेरणेनं बांधलेला विश्वशांती स्तूप आहे, १९६९ सालचा. वर जायला चेअरलिफ्ट, आणि तीही एकेकट्या माणसाची. खुर्ची थांबत नाही. आपण ठरलेल्या जागी पाठ करून उभं राहायचं, मागून खुर्ची गुडघ्यांना लागते, तिथला माणूस दंडाला धरून बसवतो, समोरची दांडी अडकवतो, आणि पाय जमिनीवरून सुटतात. आता तिथं बंद डब्यांचा रोपवेही झाला आहे, पण त्या एकट्या खुर्चीची सर त्याला नाही.

आत्यानं वर जाईपर्यंत मागं वळून ओरडत आमची चौकशी चालू ठेवली होती. आई मात्र नऊवारीचा काष्टा सावरून, पिशवी मांडीवर घेऊन निमूट बसली होती. माझ्या पुढच्याच खुर्चीत होती, म्हणून तिची पाठ मला सगळा वेळ दिसत होती. लग्न झाल्यापासून ती कुठंही एकटी गेलेली नव्हती. जुन्नरहून पुण्याला जायचं तरी सोबत लागायची, आणि घरात तर दहा माणसांच्या गराड्यातच तिचा दिवस मावळायचा. वर उतरल्यावर मी विचारलं, "घाबरलीस का गं?"

"नाही बा. बसले होते."

"काय केलंस एवढा वेळ?"

"काही नाही. बसले होते म्हटलं ना," ती म्हणाली. एवढं साधं उत्तर इतक्या समाधानानं दिलेलं मी क्वचितच ऐकलं आहे. परतीच्या वेळी रांगेत ती सगळ्यांच्या पुढं होती.

त्यानंतर सात वर्षांनी आम्ही शाखेतली चार कुटुंबं मिळून औलीला गेलो. जोशीमठहून औलीला जाणारा रोपवे तेव्हा नवीनच होता. लांबी सुमारे चार किलोमीटर आणि मोठी केबिन, त्यात सगळे उभे. आमच्या कॅशियरसाहेबांना नको तिथं नको ती गोष्ट सांगायची सवय. केबिन दरीवर आली आणि त्यांनी परवाणूची हकीकत सुरू केली. ऑक्टोबर १९९२ मध्ये हिमाचलातल्या परवाणूला रोपवेची ओढतार तुटली, माणसं डब्यात अधांतरी अडकली, आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं, सैनिक दोरानं खाली सोडून, त्यांना एकेक करून उचललं. गोष्ट खरी आहे आणि थरारकही आहे, पण ती सांगायची जागा ही नव्हे. त्यांच्या पत्नीनं शेवटी पर्समधला बेसनाचा लाडू काढून त्यांच्या तोंडात कोंबला, तेव्हा कुठं समोरचं नंदादेवीचं शिखर आम्हाला शांतपणे पाहता आलं. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली, घरांना तडे गेले आणि तो रोपवे बंद करावा लागला. बातमी वाचून कॅशियरसाहेबांचाच पहिला फोन आला. आवाज उतरलेला होता.

त्याच प्रवासात परतताना आणखी एका थंड हवेच्या ठिकाणी चेअरलिफ्ट होती. नाव घेत नाही, कारण तिथली वीज गेली आणि पर्यायी यंत्र सुरू करणारा माणूस जेवायला गेला होता. खुर्च्या दोघादोघांच्या होत्या. मुलं पुढं मित्राबरोबर, आई-वडील खाली चहाच्या टपरीवर, आणि आम्ही नवरा-बायको देवदारांच्या शेंड्यांवर लटकलेलो. वीसेक मिनिटं कसला म्हणजे कसला आवाज नाही. लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. एकत्र कुटुंब, बदल्या, मुलांच्या शाळा, तिची नोकरी. कुणी हाक मारणार नाही अशी वीस मिनिटं त्या बारा वर्षांत आम्हाला सलग मिळाली असतील असं मला वाटत नाही. सुरुवातीला थोडं अवघडल्यासारखंच झालं. मग तिनं एकेक सांगायला सुरुवात केली. काय सांगितलं ते इथं लिहिण्याचं कारण नाही. वीज आली आणि खुर्ची हिसका देऊन पुढं सरकली तेव्हा ती म्हणाली, "एवढ्यात?"

या यंत्राचा जन्म कसा झाला, ते मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळालं. १९३६ साली अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात सन व्हॅली नावाचं हिवाळी खेळांचं ठिकाण उभं राहत होतं. युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा तो उद्योग. स्कीवाल्यांना डोंगरावर कसं न्यायचं, हा प्रश्न होता. कंपनीतल्या जेम्स करन या इंजिनिअरनं पूर्वी जहाजावर केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रावर काम केलं होतं. फिरत्या तारेला आकडे आणि आकड्यांना घड. त्यानं आकड्यांच्या जागी खुर्च्या लावल्या आणि घडांच्या जागी माणसं बसवली. जगातली पहिली चेअरलिफ्ट ती. आईला हे सांगायला हवं होतं. ती म्हणाली असती, तरीच.

खऱ्याखुऱ्या स्की लिफ्टमध्ये मी बसलो तो २०२३ च्या हिवाळ्यात, कोलोरॅडोत, लेकीकडे गेलो असताना. आपल्याकडच्या जुन्या चेअरलिफ्टमध्ये खुर्ची तारेला कायमची घट्ट बसवलेली असते. त्यामुळं वेग बेताचाच ठेवावा लागतो, नाहीतर बसणाऱ्याचे गुडघे फुटायचे. नव्या प्रकारात ठाण्यावर आली की खुर्ची तारेवरून सुटते, रुळावर हळूहळू सरकत आपल्याला उचलते आणि मग पुन्हा तार पकडते. तार मात्र सेकंदाला पाच मीटरच्या वेगानं धावतच असते. माझ्या एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला सात वर्षांची नात. दोघींच्या पायांत लांबलचक पट्ट्या, माझ्या पायांत जावयाचे दोन नंबर मोठे बूट. नात मला मराठीत आणि मध्येच इंग्रजीत सूचना देत होती. मी बर्फाचा एक फोटो काढायला हातमोजा काढला, तो खाली पडला, आणि पुढच्या तीन खुर्च्यांतल्या लोकांनी मागं वळून हळहळ व्यक्त केली. तिकडं अशा खुर्चीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी लोक मोकळेपणानं बोलतात. आपल्याकडच्या एसटीसारखंच.

असो. मला लिहायचं होतं ते रायगडाबद्दल आणि लेण्याद्रीबद्दल.

रायगडाचा रोपवे १९९६ साली सुरू झाला. दुसऱ्याच वर्षी आईला घेऊन गेलो. तेव्हा तिचे गुडघे गेले होते. दीड हजाराच्या आसपास पायऱ्या तिला या जन्मी शक्य नव्हत्या. शिवनेरीच्या सावलीत आयुष्य काढलेली ही बाई. महाराजांचा जन्म झाला ती जागा तिनं शंभरदा पाहिलेली, पण जिथं राज्याभिषेक झाला आणि जिथं समाधी आहे, ती जागा एकदाही नाही. हिरकणीवाडीतून पाळणा सुटला आणि चार-पाच मिनिटांत सरळसोट कड्याच्या अंगाअंगानं वर गेला. आई खाली पाहत होती. मी म्हटलं, खाली बघू नकोस, चक्कर येईल. ती म्हणाली, "बघू दे रे. ती बाई रात्रीची इथून उतरली म्हणतात. लेकराला पाजायला." वर गेल्यावर समाधीपाशी ती बराच वेळ बसली. येताना तिनं चिमूटभर माती पदराच्या टोकाला बांधून आणली. घरी आल्यावर ती तिनं तुळशीत टाकली.

आता लेण्याद्री. २००८ साली तिनं गिरिजात्मजाला जायचं मनात घेतलं. वय अठ्ठ्याहत्तर. पायथ्याला डोली मिळते. डोलीवाल्यांशी मी बोललो, दर ठरला, खुर्ची पुढं आली. आई बसेना. माणसं चांगली होती, त्यांनी आजी आजी म्हणून समजूत घातली. ती त्यांना म्हणाली, "बाबांनो, माणसाच्या खांद्यावरनं एकदाच जायचं असतं. ते मी जाईन तेव्हा जाईन." मग पहिल्या पायरीवर तिनं हळद-कुंकू वाहिलं, दुर्वांची जुडी माझ्या हातात दिली आणि वडाखाली बसून राहिली. डोलीवाल्यांना मी ठरलेले पैसे देऊ केले. त्यांनी निम्मेच घेतले. त्यानंतर तीन वर्षांनी आई गेली. लेण्याद्री पुन्हा झालं नाही.

शिवनेरीला आणि लेण्याद्रीला रोपवे करण्याची चर्चा गेली काही वर्षं आमच्याकडे आहे. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पर्वतमाला नावाची योजना जाहीर झाल्यापासून देशभरातल्या डोंगरी ठिकाणांची नावं अशी पुढं येत असतात. गिरनारच्या दहा हजारांच्या घरातल्या पायरीवाटेचा बराच भाग २०२० पासून रोपवेनं टाळता येतो. सप्तशृंगी गडावर २०१८ पासून रुळांवरची ट्रॉली धावते. आमच्याकडे या विषयावर पारावर आणि चहाच्या दुकानात दोन तट पडतात, आणि दोन्ही तटांतले लोक माझ्याकडे येऊन "तुम्ही लेखक, तुम्ही लिहा" म्हणतात. तर लिहितो. दोन्ही तट नाराज होतील.

शिवनेरीला पाळणा नको. गाडी बरीच वरपर्यंत जाते, वाट चांगली आहे, आणि एकामागून एक लागणारे सात दरवाजे हाच तर तो किल्ला आहे. ते चुकवून थेट जन्मस्थानी उतरायचं म्हणजे कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचण्यासारखं. शिवाय जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात शिवनेरी आहे. पण ज्यांना चालताच येत नाही, त्यांच्यासाठी दुसरी काही सोय काढणं अशक्य नाही.

लेण्याद्रीचं वेगळं. तिथं अष्टविनायक करायला येणाऱ्या बसमधून निम्मी म्हातारी माणसं उतरतात आणि त्यातली कितीतरी खालूनच हात जोडून परत जातात. मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे. तिथं पाळणा व्हावा असं मला वाटतं. अडचण खरी आहे. लेणी दोन हजार वर्षांच्या सुमाराची, केंद्राच्या संरक्षणातली, आणि २०१० च्या कायद्यानं अशा स्मारकापासून शंभर मीटरांत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीशिवाय काही नाही. म्हणजे वरचं ठाणं डोंगराच्या कुशीला, लेण्यांपासून दूर घ्यावं लागेल आणि तिथून थोडं चालावं लागेल. चालू द्या. शेवटचे शंभर पावलं कुणीही हात धरून नेईल.

आणि डोलीवाले? रोपवेच्या बाजूचे लोक या प्रश्नावर चटकन विषय बदलतात. शाखेत असताना कर्जाच्या अर्जावर धंद्याचा रकाना भरताना मी अनेकदा अडखळलो आहे, कारण डोंगरावर माणसं वाहून नेणं हा धंदा कुठल्याच यादीत नसे. मग "इतर" लिहायचं. रोपवेचा प्रकल्प अहवाल बनेल तेव्हा त्यातही ही माणसं "इतर" मध्येच राहतील अशी मला भीती वाटते. गेल्या वर्षी त्यातल्या एकाशी बोलत होतो. पन्नाशीचा गृहस्थ, खांद्यावर घट्टा पडलेला. तो म्हणाला, "माझ्या पोराला मी डोलीला हात लावू दिला नाही. तुमची तार झाली तर तिकिटावर नायतर दाराशी बसवा आम्हाला. बसवत असाल, तर आजच करा." तार ओढायच्या आधी ही नोकऱ्यांची गोष्ट कागदावर, सही-शिक्क्यानिशी यावी. तोंडी आश्वासनाला तारण नसतं, हे मी बँकेत पस्तीस वर्षं शिकलो.

येत्या दिवाळीत नात येणार आहे. तिला लेण्याद्री पायऱ्यांनी आणि रायगड पाळण्यानं दाखवायचा बेत आहे. फोनवर तिनं विचारलं, रायगडाच्या पाळण्यात पाय खाली लोंबकळतात का? मी म्हटलं नाही गं, बंद डबा असतो. ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, खिडकी तरी मोठी आहे ना?