टपरीची विक्री आणि जागाभाड्याच्या थकबाकीचे दायित्व

जळगाव व धुळे येथे खासगी जागा भाडेपट्ट्याने घेऊन तीवर टपरी वा पत्र्याचे शेड उभारणारा लहान व्यावसायिक पुढे ते शेड विकतो. त्यानंतर थकलेले जागाभाडे कोणी द्यावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

येथे शेड विक्रेत्याचे, तर जमीन दुसऱ्याची असते. त्यामुळे शेडच्या विक्रीने भाडेपट्टा आपोआप संपुष्टात येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, विरुद्ध करार नसल्यास पट्टेदार आपला हक्क इतरास देऊ शकतो. परंतु केवळ त्या कारणाने तो पट्ट्याच्या दायित्वांतून मुक्त होत नाही. म्हणजेच खरेदीदाराने पुढील भाडे थकविल्यास जमीनमालक मूळ पट्टेदाराकडेही मागणी करू शकतो. ‘यापुढील भाडे खरेदीदार देईल’ ही विक्रीखतातील अट जमीनमालकावर बंधनकारक नसते. तिच्या आधारे विक्रेत्यास भरलेली रक्कम खरेदीदाराकडून मागता येते, एवढेच. मुदत अधिनियम, १९६३ अन्वये थकीत भाड्याच्या दाव्यास ते देय झाल्यापासून ३ वर्षांची मुदत आहे.

सारांश, विक्रीपूर्वी थकबाकी फेडून पावती घ्यावी आणि संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ६२ प्रमाणे तिघांच्या संमतीने नवा करार करावा, हेच विक्रेत्याच्या हिताचे होय.