वजनाचं इंजेक्शन आणि मोहल्ल्यातला मेडिकलवाला

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेगोव्ही ही वजन कमी करणारी इंजेक्शनं भारतात विक्रीला आली. तेव्हापासून निकाह असो की अकीका, चार माणसं जमली की हा विषय निघतोच. डॉक्टरांकडे आपण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जातो, तेही घाईत. मेडिकलमध्ये मात्र येणंजाणं सतत चालू असतं. तिथला फार्मासिस्ट शिकलेला माणूस असतो. रुग्णाला औषध समजावून देणं हे त्याचं कामच आहे, २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांतही ते आहे. आपण मात्र पैसे देऊन पिशवी घेतो आणि निघतो.

ही इंजेक्शनं आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी घ्यायची असतात. सुरुवात अगदी कमी डोसनं होते आणि किमान चार आठवड्यांनंतर तो वाढवतात. लवकर बारीक व्हायचं म्हणून स्वतःच डोस वाढवला की उलट्या सुरू होतात. मळमळ, बद्धकोष्ठता किंवा जुलाब पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांना होतात. थोडं थोडं खाणं, बिर्याणी-निहारीसारखं तेलकट टाळणं, पाणी पीत राहणं एवढं कुणी समजावलं तरी माणूस घाबरून औषध सोडत नाही. पेन फ्रीजमध्ये ठेवायचं, फ्रीजरमध्ये नाही, हेही काउंटरवरच सांगायला हवं.

चांगला फार्मासिस्ट आणखी एक विचारतो: ‘दुसरी कोणती औषधं चालू आहेत?’ शुगरसाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते. मौंजारोमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून सुरुवातीला आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरी काळजी घ्यावी लागते. मूल हवं असेल तर औषध आधीच थांबवायचं असतं. आता ही गोष्ट भरल्या दुकानात, शेजारी कुणाचे तरी मामू उभे असताना कोणती बहीण बोलेल? दुकानात एक बाजूला दोन खुर्च्या आणि शक्य असेल तर एक महिला फार्मासिस्ट, एवढी सोय मेडिकलवाल्यांनी करावी असं आम्हाला वाटतं.

निकाह दोन महिन्यांवर आला म्हणून चिठ्ठीशिवाय इंजेक्शन मागायला येणाऱ्या आयाही आहेत. मुलीचं वजन जेमतेम जास्त असतं, पण सासरच्यांनी काहीतरी बोललेलं असतं. हे औषध बीएमआय ३० च्या वर असणाऱ्यांसाठी, किंवा २७ च्या वर आणि सोबत शुगर, बीपी असा आजार असणाऱ्यांसाठी आहे. शिवाय बंद केलं की वजन बहुतेकदा परत चढतं. अशा वेळी ‘नाही’ म्हणणारा मेडिकलवाला गिऱ्हाईक गमावतो, तरी त्यानं नाहीच म्हणावं.

रमजानचा प्रश्न वेगळा आहे. पोषण न देणाऱ्या, त्वचेखाली घेतल्या जाणाऱ्या इंजेक्शननं रोजा तुटत नाही, असं जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनं १९९७ मध्ये ठरवलं आहे. तरी आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यावं. खरी काळजी पाण्याची आहे. भूक मेलेली, त्यात उलट्या झाल्या तर शरीर कोरडं पडतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून रमजानच्या तोंडावर औषध नव्यानं सुरू करू नये, डोसही वाढवू नये. शाबान उजाडण्याआधीच फार्मासिस्टनं आपल्या नेहमीच्या रुग्णांना डॉक्टरांकडे पाठवावं.

याच कुळातली रायबेल्सस ही शुगरची गोळी रिकाम्या पोटी अर्ध्या कप पाण्यासोबत घेऊन अर्धा तास काही खायचं नसतं. सहरीच्या गडबडीत हे जमत नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं तर मगरिबच्या अजानला त्या दिवशी खजुराऐवजी पाण्यानं रोजा सोडून गोळी घेता येते. नमाज होईपर्यंत बराच वेळ गेलेला असतो, उरलेली मिनिटं थांबून दस्तरखानावर बसायचं.

आणि पोटात जोराची, पाठीकडे जाणारी कळ थांबतच नसेल, सोबत उलट्या असतील, तर ती स्वादुपिंडाची सूज असू शकते. तेव्हा रोजा सोडायचा आणि इस्पितळ गाठायचं. मेडिकलवाल्यानंही अशा माणसाला अॅसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवू नये.