बंद डब्यातलं शेवटचं वळण

नागपूर-गोंदियाकडून कान्हा राष्ट्रीय उद्यानाकडे निघालेला मोटारसायकलस्वार बालाघाटला चहाला थांबतोच. इथून पुढे बैहरचा घाट, सालाचं आणि बांबूचं जंगल आणि सुमारे ८० किलोमीटरवर मुक्कीचं प्रवेशद्वार. शहराला लागूनच भरवेलीची मँगनीजची खाण आहे, देशातल्या सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींपैकी एक. खनिजाचे ट्रक, त्यांनी उडवलेली काळी धूळ, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे रपटे आणि वळणावर अचानक समोर येणारा खड्डा, असा हा रस्ता. चहाच्या टपरीपुढे उभ्या असलेल्या गाड्यांत हल्ली एखादी अशीही दिसते, जिच्या मागच्या चाकाला साखळीच नसते. बघणारे वाकून साखळी शोधतात. तिच्या जागी दिसतो जाड ॲल्युमिनियमचा एक हात आणि चाकाजवळ कलिंगडाच्या फोडीएवढा बंद डबा.

तो डबा म्हणजे फायनल ड्राइव्ह. गिअरबॉक्समधून निघालेला पोलादी दांडा, म्हणजे शाफ्ट, त्या पोकळ हातातून मागे येतो. वाटेत युनिव्हर्सल जॉइंट असतो. मेकॅनिक त्याला नुसतं क्रॉस म्हणतात. चाक वरखाली झालं तरी शाफ्ट फिरत राहतो तो या क्रॉसमुळे. शाफ्टच्या टोकाला छोटा दातेरी पिनियन, तो मोठ्या क्राऊन व्हीलमध्ये अडकलेला. गाडीच्या लांबीच्या दिशेने आलेलं फिरणं इथे काटकोनात वळतं आणि चाकाला मिळतं. पिनियनच्या साधारण तीन फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. वेग कमी होतो आणि जोर वाढतो. इंजिनाची सगळी ताकद रस्त्यावर उतरण्याआधी या शेवटच्या वळणावरून जाते.

ही कल्पना जुनी आहे. बेल्जियमच्या एफएन कंपनीने १९०५ मध्ये चार सिलिंडरची शाफ्टवर चालणारी मोटारसायकल बाजारात आणली. १९२३ मध्ये मॅक्स फ्रिझ यांनी आखलेली बीएमडब्ल्यूची आर ३२ आली, तीही शाफ्टवरचीच. इंजिन ४९४ सीसीचं, ताकद साडेआठ अश्वशक्तीची, पण तिची मांडणी इतकी नेटकी होती की त्या कंपनीच्या बॉक्सर, म्हणजे समोरासमोरच्या आडव्या सिलिंडरच्या, गाड्या आजही त्याच वाटेने चालतात. पुढे इटलीच्या मोटो गुझ्झीने आणि जपानच्या होंडा गोल्डविंगनेही शाफ्टच पत्करला. भारतात मात्र सर्वसामान्यांची मोटारसायकल साखळीचीच राहिली, कारण साखळी स्वस्त, हलकी आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये तासाभरात बदलता येणारी.

म्हणून शाफ्टवाल्या गाडीभोवती एक गैरसमज घट्ट बसला आहे : तिला काही करावं लागत नाही. साखळीला दर काही शे किलोमीटरला तेल द्यावं लागतं, ताण बघावा लागतो. इथे यातलं काहीच नाही, तेव्हा विसरून जा. हा समज महागात पडतो. साखळी उघडी असते, म्हणून तिचं दुखणं दिसतं. ती गंजते, लोंबते, कुरकुरते. शाफ्ट झाकलेला असतो, म्हणून त्याचं दुखणं आतल्या आत वाढतं आणि कळतं तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो.

त्यातही एक बाब नीट समजून घेण्यासारखी आहे. जुन्या पद्धतीच्या शाफ्ट-गाड्यांत चाकाच्या हबला स्वतःचे बेअरिंग असतात आणि त्यांतून ॲक्सल आरपार जातो. आजच्या एका हाताच्या बीएमडब्ल्यूंत आरपार ॲक्सलच नसतो. चाक बोल्टांनी थेट फायनल ड्राइव्हला जोडलेलं असतं. म्हणजे क्राऊन व्हील सांभाळणारा मोठा बेअरिंग हाच चाकाचाही बेअरिंग. गाडीचं मागचं वजन, सामानाच्या पेट्या, खड्ड्याचा प्रत्येक हादरा, सगळं त्याच्यावर येतं. तो सैल झाला की क्राऊन आणि पिनियनचे दात एकमेकांपासून सरकतात, मग दातही खाल्ले जातात. एका बेअरिंगचं दुखणं अख्ख्या डब्याचं होतं.

तपासणी मात्र अवघड नाही, आणि तिला लागणारं पहिलं हत्यार म्हणजे आपले हात. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, मागचं चाक हवेत. टायर वर आणि खाली धरून आडवं हलवून बघावं, मग पुढे आणि मागे धरून. दोन्हीकडे खडखड जाणवली तर संशय बेअरिंगवर. मग न्यूट्रलमध्ये चाक हाताने हळू फिरवावं. बोटांना कण लागल्यासारखी खरखर जाणवली तर बेअरिंगचे दिवस भरले. चालत्या गाडीत वेगाबरोबर वाढणारी घरघर आणि सीलपाशी रिमवर तेलाचा ओला डाग, या खुणाही तेच सांगतात.

दुसरं हत्यार म्हणजे तेल. या डब्यात तेल मावतं जेमतेम पाव लिटर किंवा त्याहूनही कमी, म्हणजे गाडीच्या किमतीपुढे काहीच नाही. तेल काढताना ड्रेन प्लगच्या चुंबकाकडे बघावं. त्यावर राखाडी लेप असेल तर काळजी नाही, दातांची ती रोजची झीज आहे. चमकणारे पापुद्रे किंवा काड्या दिसल्या तर मात्र गाडी पुढे नेऊ नये. तेल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर आत पाणी शिरलं आहे. रपट्यावरच्या पाण्यात तापलेला डबा एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा डब्याच्या हवा जाण्याच्या नळीतून पाणी ओढलं जातं. गाडी धुताना जोराचा फवारा थेट सीलवर मारला तर तेच. पाणी ओलांडून आल्यावर तेल बदलणं हा लाड नव्हे. आणि तेल भरताना जास्त भरू नये. तापून फुगलं की ते सीलच ढकलतं. तेलाचा नंबर गाडीच्या पुस्तकात लिहिलेला असेल तोच.

बेअरिंग बदलताना मात्र घाई नडते. ॲल्युमिनियमचं घर तापवून बेअरिंग पुलरने काढावा आणि नवा आपल्या जागेत सरळ बसवावा. बाहेरची रिंग घरात घट्ट बसत असेल तर दाब बाहेरच्याच रिंगवर द्यायचा. आतल्या रिंगवर हातोडी घातली तर तो घाव गोळ्यांवर जातो, रिंगांवर बारीक खड्डे पडतात आणि नवा बेअरिंग पहिल्याच दिवशी जुना होतो. शिमचा, म्हणजे अंतर साधणाऱ्या पातळ चकत्यांचा, हिशेब आणि दातांमधला प्ले, म्हणजे मोकळीक, जिथल्या तिथे राहायला हवा. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळायचे. शाफ्टच्या खाचांना मॉलिब्डेनमचं ग्रीस लावल्याशिवाय गाडी पुन्हा जोडू नये. कोरड्या खाचा गंजून झिजतात आणि एके दिवशी इंजिन फिरतं, चाक फिरत नाही.

हे काम बालाघाटला परकं नाही. इथल्या गॅरेजमधला जीपचा कारागीर क्राऊन-पिनियन, शिम, प्ले हे शब्द रोज बोलतो. ऑटोरिक्षाच्या मागच्या दोन्ही चाकांनाही डिफरन्शियलमधून शाफ्टनेच जोर मिळतो. सुटे भाग आणि खास पुलर नागपूरहून आणावे लागतील, पण हात आणि कान इथलेच आहेत.

या गावाला त्या हातांची आणखी जुनी ओळख आहे. गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर ही बंगाल-नागपूर रेल्वेने घातलेली अडीच फुटी नॅरोगेज शंभरहून अधिक वर्षं चालली आणि २०१५ मध्ये बालाघाट-जबलपूर भागात थांबली. रेल्वेत गाडी स्टेशनात थांबली की कर्मचारी डब्यांच्या कडेने चालत प्रत्येक ॲक्सल बॉक्सला, म्हणजे चाकाच्या बेअरिंगच्या पेटीला, तळवा लावत जात. एक पेटी इतरांहून तापलेली लागली की ‘हॉट ॲक्सल’ म्हणून तो डबा बाजूला निघे. आतलं न दिसणारं दुखणं तळव्याला आधी कळत असे.

शाफ्टवाल्या मोटारसायकलीला नेमकं हेच हवं आहे. बैहरचा घाट चढून थांबाल तेव्हा चाकाजवळच्या त्या डब्याकडे हात न्या, पण एकदम टेकवू नका. आधी जवळून धग घ्या, मग क्षणभर तळवा लावा. तो रोज कोमट लागत असेल आणि आज चटका बसला, तर कान्हाचा वाघ उद्यावर ठेवा आणि आधी तेल काढून बघा.